कारचा एसी बंद पडल्यावर विद्युत दोष शोधणे : टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर की स्कॅनर?

एसीची हवा थंड येईनाशी झाली की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो गॅस भरून घेण्याचा. हा सल्ला घाईचा आहे. इंजिन चालू ठेवून एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या पुलीसमोरची क्लचची चकती 'टक्' असा आवाज करून फिरू लागली आणि तरीही हवा गरमच राहिली, तर गॅस, कंडेन्सर किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांच्याकडे पाहावे. पण चकती फिरतच नसेल, तर आधी वीज कुठे अडली हे शोधावे लागते. त्यासाठी तीन साधने बाजारात सहज मिळतात. पुढील विवेचन १२ व्होल्टच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांपुरते आहे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबलमध्ये जीवघेणे व्होल्टेज असते, त्यामुळे तिथे घरगुती तपासणीचा विचारही करू नये.

टेस्ट लॅम्प, म्हणजे एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला क्लिपची वायर असलेला छोटा दिवा, सर्वांत स्वस्त. त्याची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावून फ्यूजच्या दोन्ही डोक्यांना टोक टेकवले की फ्यूज न काढताच तो शाबूत आहे की उडाला हे कळते. क्लचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन वायरींत दिवा लावला, एसी चालू केला आणि दिवा पेटला, तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), प्रेशर स्विच (गॅसचा दाब योग्य नसल्यास वीज तोडणारा) आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची जोडणी) यांच्यातून वीज तिथवर येते आहे, म्हणजे संशय बराचसा क्लचवर येतो. एका तपासणीत शोधाचे क्षेत्र निम्मे होते, हे या साध्या साधनाचे मोठेपण आहे. मात्र ५ वॅटचा बल्ब सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून ईसीयूच्या (गाडीच्या नियंत्रक संगणकाच्या), सेन्सरच्या किंवा एअरबॅगच्या वायरींवर तो कधीही लावू नये.

व्होल्टेज आणि रोध मोजणारा मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना प्रवाह जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे ईसीयूच्या आणि सेन्सरच्या नाजूक वायरींवर तो तेव्हा सुरक्षित आहे. पण याच गुणामुळे तो फसवूही शकतो, आणि इथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. समजा, एका गंजलेल्या जोडात १ ओहमचा रोध तयार झाला आहे आणि क्लचच्या कॉइलचा (चकती ओढणाऱ्या विद्युतचुंबकाचा) रोध ३.६ ओहम आहे. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट मिळत असतील, तर प्रवाह ३ अँपिअर होतो, जोडातच ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि कॉइलला १०.८ व्होल्टच उरतात. इंजिन तापल्यावर तेवढ्यात चकती ओढली जाईलच असे नाही. हाच कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर तो पूर्ण १३.८ दाखवतो. टेस्ट लॅम्प लावला तर अर्ध्या व्होल्टचीच घट होते आणि दिवा डोळ्यांना उजळच दिसतो. मल्टिमीटरचा कंटिन्युटीचा (वायर अखंड आहे हे सांगणारा) बझरही १ ओहमला खुशाल वाजतो. तिन्ही तपासण्या वायरिंग ठीक असल्याचा निर्वाळा देतात आणि चांगली कॉइल विनाकारण बदलली जाते.

उपाय एकच : कनेक्टर जोडलेला ठेवून, क्लचला वीज जात असताना मोजणे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे, कनेक्टरच्या मागच्या बाजूने, क्लचच्या अर्थ वायरला लावावे, ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दिसल्यास अर्थचा जोड साफ करावा. तसेच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून क्लचच्या पॉझिटिव्ह वायरपर्यंत मोजावे. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर घट असेल तर रिलेचे पाय, फ्यूजची बैठक आणि मधले कनेक्टर क्रमाने पाहावेत. कोकणच्या खाऱ्या हवेत वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत मी सुरुवात अर्थपासूनच करायला सांगेन. हे काम मल्टिमीटरशिवाय होत नाही, म्हणून एकच साधन घ्यायचे असेल तर माझे मत त्यालाच आहे.

कॉइलचा रोध साधारणपणे ३ ते ५ ओहम असतो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्यातून वजा करावा आणि एसी अर्ध्या तासाने बंद पडत असेल, तर कॉइल गरम असतानाच मोजावी, कारण काही कॉइली तापल्यावरच तुटलेल्या आढळतात. रोध आणि व्होल्टेज दोन्ही योग्य असूनही चकती ओढली जात नसेल, तर चकती आणि पुली यांतील फट झिजेमुळे वाढलेली असू शकते. ती बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटर अपेक्षित असते.

स्कॅनर म्हणजे ईसीयूला जोडून त्यातील दोषांचे कोड आणि चालू आकडे वाचणारे यंत्र; त्याचे महत्त्व गाडी किती नवी आहे यावर ठरते. अनेक आधुनिक गाड्यांत एसीचे बटण ही केवळ विनंती असते. गॅसचा दाब, इव्हॅपोरेटरचे तापमान आणि इंजिनची उष्णता पाहून ईसीयू रिलेला हुकूम देतो. विनंती पोहोचली का, हुकूम निघाला का आणि दाब किती दिसतो, हे स्कॅनर एका पडद्यावर दाखवतो. ईसीयूनेच मुद्दाम नकार दिला असेल, तर इतर दोन साधनांनी दिवसभर वायरी तपासूनही कारण हाती लागत नाही. पी०६४५ हा कोड क्लच रिलेच्या सर्किटकडे, तर पी०५३२ हा दाबाच्या सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. कोड सर्किट सांगतो, खराब सुटा भाग नव्हे. पी०५३२ दिसला म्हणून सेन्सर विकत आणण्याआधी त्याच्या तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट आणि दुसरीवर चांगला अर्थ मिळतो का, हे मल्टिमीटरनेच पाहावे लागते. फोनला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण बहुधा इंजिनचेच सामान्य कोड वाचते. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या विभागात शिरण्यासाठी त्या कंपनीच्या गाड्या ओळखणारा स्कॅनर लागतो. क्लच नसलेल्या, आतील व्हॉल्व्हने क्षमता बदलणाऱ्या कॉम्प्रेसरसाठीही असाच स्कॅनर हवा, कारण तिथे 'टक्' आवाज होतच नाही.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो आणि साधनांची फारशी गरज पडत नाही.

घुंडीवाला साधा एसी असलेल्या जुन्या गाडीसाठी टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर एवढे पुरे आहे. नव्या गाडीसाठी महागडा स्कॅनर विकत घेण्याऐवजी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एकदा स्कॅन करून घ्यावे आणि मल्टिमीटर स्वतःकडे ठेवावा. तपासणीत प्रेशर स्विच उघडा आढळला, तर तो बायपास करून एसी चालवू नये; गॅस खरोखरच कमी असेल तर कॉम्प्रेसरला तेल पोहोचवणाराच कोणी उरत नाही, कारण ते तेल गॅसबरोबरच फिरते. अशा वेळी गेज लावून दाब मोजणाऱ्या आणि गळती शोधून मगच गॅस भरणाऱ्या कारागिराकडे गाडी न्यावी.