दर रविवारचा राजांचा क्लास, इंदूर : दहा आठवड्यांचा अनुभव

इंदूरमध्ये मराठीतून बायबल वाचायला सहज कुठे मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं माहेर-सासर दोन्ही इथलंच, घरी मराठी बोलतो पण बाहेर प्रार्थना, उपदेश सगळं हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये, त्यामुळे पलासियाकडे एक रिटायर्ड सर घरीच दर रविवारी संध्याकाळी बायबलमधली शास्ते, शमुवेल आणि राजे ही पुस्तकं मराठीत वाचून घेतात असं कळलं आणि मी लगेच नाव दिलं. दहा रविवार, फी 600 रुपये, त्यात झेरॉक्स आणि चहा आला. आम्ही पंधरा-सोळा जण होतो, त्यातले पाच-सहा ख्रिश्चन नाहीत, आणि खरं सांगते, सगळ्यात चांगले प्रश्न त्यांचेच असायचे.

आधी मी दुसरीकडे एका क्लासला गेले होते, तिथे दावीद-गल्याथ झालं, शलमोन राजाचं शहाणपण झालं, दोन तासात सगळं आटपलं. इथे तसं नाही. सर लेक्चर देत नाहीत, आळीपाळीने मोठ्याने वाचायचं आणि हातात पेन्सिल ठेवायची. इस्राएलचे लोक शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागतात तेव्हा तो सांगतो की राजा तुमची मुलं नेईल, शेतं नेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, तरी लोक ऐकत नाहीत. तिथे एक मावशी म्हणाल्या की आपल्या अहिल्याबाई हुकमावर स्वतःचं नाव न घालता 'श्रीशंकर' लिहायच्या, राज्य देवाचं, आपण सांभाळणारे. सरांनी लगेच 'अनुवाद' या पुस्तकाचा (मोशेच्या पाच पुस्तकांतलं शेवटचं) 17 वा अध्याय काढायला लावला. राजाने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनं-चांदी साठवू नये, आणि नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून रोज वाचावी. मग शलमोनाबद्दल वाचलं. घोडे मिसरातून (इजिप्तमधून) आणले, 700 राण्या आणि 300 उपपत्नी, सोन्याचा तर हिशोब नाही. यरुशलेमचं मंदिर बांधायला 7 वर्षं लागली आणि स्वतःच्या वाड्याला 13, हे इतक्या वर्षांत मला कोणी दाखवलं नव्हतं.

पण मला क्लास खरा आवडला तो सातव्या रविवारी. शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे झाले, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. सर म्हणाले, यहूदाच्या चांगल्या राजांचं वर्णन वाचा आणि 'तरी उच्चस्थानं (म्हणजे टेकडीवरच्या पूजेच्या जागा) काढली नाहीत' असं जिथे येईल तिथे खूण करा. आसा, यहोशाफाट, योआश, अमस्या, अजऱ्या, योथाम. सहा खुणा झाल्या. आसाने तर मूर्ती केली म्हणून घरातल्या राजमातेलाही पदावरून काढलं होतं, तरी टेकडीवरच्या वेद्या तशाच राहिल्या. आणि त्या वेद्या काही शत्रूने आणून बसवल्या नव्हत्या, मंदिर बांधायच्या आधी लोक तिथेच परमेश्वराला यज्ञ करायचे, शलमोनसुद्धा गिबोनला गेला होता. मला एकदम आमचं घर आठवलं. आजी होती तोवर रात्रीची प्रार्थना रोज व्हायची, मग रविवारी व्हायला लागली, मग फक्त नाताळात, आणि बंद करा असं कोणी कधी म्हटलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी दोन्ही मुलांना जवळ बसवलं.

शेवटी हिज्कीया आला, त्याने उच्चस्थानं काढली, आणि मोशेने केलेला पितळी सापही फोडला कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. ज्या वस्तूकडे बघून रानात साप चावलेल्या लोकांचे जीव वाचले ती फोडायची, यावर आम्ही अर्धा तास बोललो. आणि पुढचंच पान उलटलं तर त्याचा मुलगा मनश्शे, 12 व्या वर्षी गादीवर, 55 वर्षं राज्य, बापाने पाडलेलं सगळं परत बांधलं. वर्गात कोणी बोललं नाही बराच वेळ.

आता तक्रारी. वेळ साडेपाचची, सुरू व्हायला सहा वाजतात, लोकमान्य नगरहून ट्रॅफिकमधून पोचणाऱ्याला हे फार लागतं. नकाशाची झेरॉक्स इतकी फिकट की बेथेल आणि दान दिसतच नाहीत, आणि उत्तरेच्या राज्याचा पहिला राजा यराबाम याने सोन्याची वासरं नेमकी तिथे का ठेवली, म्हणजे राज्याच्या दोन टोकांना, लोकांनी यरुशलेमला जाऊच नये म्हणून, हे नकाशाशिवाय नीट कळत नाही. आणि संदेष्ट्यांवर अन्याय झाला. आमोसाला वीस मिनिटं! तकोवाचा मेंढपाळ उत्तरेत जाऊन श्रीमंतांच्या तोंडावर सांगतो की तुम्ही गरिबाला चपलांच्या एका जोडासाठी विकता, त्याला एक अख्खा रविवार हवा होता. सरांना मी हे सांगितलं, त्यांनी ऐकून वहीत लिहून घेतलं.

पुढची बॅच पावसाळा संपला की आहे, यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक घेणार आहेत. मी नाव दिलंय. जाणार असाल तर मोठ्या अक्षराचं पवित्र शास्त्र घरून न्या, तिथल्या प्रती फार बारीक आहेत, आणि घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करा, सर मग खालच्या खोलीत बसवतात.