चार चौकोनांची पट्टी आणि आमचा विळा

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सांगणाऱ्या पट्ट्यांचा डबा शंभरचा होता, मी कात्रीने उभ्या चिरून दोनशे केल्या. (सामू म्हणजे आंबटपणाचा आकडा: सात मधला, त्याखाली आंबट, त्यावर चुन्याच्या पाण्यासारखं.) चारही चौकोन एकाखाली एक असतात, त्यामुळे अर्ध्या पट्टीवरही चारही रंग मिळतात. सहाशे चाळीस रुपये मोजले होते, म्हणून चिरताना हात जपूनच चालवला. सव्वा वर्ष झालं, अजून पस्तीस-चाळीस शिल्लक आहेत.

वरुड तालुक्यात आमची चार एकर संत्र्याची बाग आहे. या पट्ट्या मी घेतल्या त्या बोर्डोसाठी, म्हणजे झाडांच्या रोगांवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणासाठी. त्याआधीच्या पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मारलं आणि आठ दिवसांत कोवळी नवती करपली. प्रमाण चुकलं नव्हतं. एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. चुना मात्र दुकानात उघड्या पोत्यात कधीपासून पडलेला होता कोण जाणे. कळीचा चुना हवेत राहिला की हळूहळू त्याचा खडू होतो. वजन किलोचं भरतं, पण जोर नसतो. मोरचुदाचं पाणी आंबट असतं, त्याला पुरेसा चुना मिळाला नाही तर तांबं मोकळं राहतं आणि पान जाळतं. विळा बुडवून पाहिला होता का? सालदार म्हणतो पाहिला होता. मला आठवत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तयार मिश्रणात लोखंडी विळा मिनिटभर धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. चांगली परीक्षा आहे, फुकट आहे. पण विळा एवढंच सांगतो की तांबं मोकळं आहे की नाही. चुना जास्त झाला तर तो गप्प बसतो, मग नोझल तुंबते तेव्हा कळतं.

आधी मी सामू तपासायच्या कागदाचं नव्वद रुपयांचं पुस्तक मागवलं होतं, एक ते चौदा आकड्यांचं. त्याबद्दल थोडक्यात सांगते: घेऊ नका. कागद बुडवला की रंग पाण्यात उतरतो, उरलेला एकमेकांत मिसळतो. पुस्तकाच्या पाठीवर रंगांचा तक्ता असा छापलेला की सात आणि आठ दोन्ही एकच हिरवे. मला हवा होता नेमका तोच फरक.

चार चौकोनांच्या पट्टीत रंग नुसता भिजवून वाळवलेला नसतो, धाग्याला रासायनिक रीतीनेच बांधलेला असतो. म्हणून तो पाण्यात सुटत नाही. मुलगी अमरावतीला बी.एस्सी. करते, तिने समजावलं ते असं. पाणी आंबट असेल तर रंगाचा रेणू हायड्रोजन धरून ठेवतो, चुन्याच्या पाण्यासारखं असेल तर सोडून देतो. तेवढ्याने तो वेगळा उजेड गिळायला लागतो आणि आपल्याला रंग पालटलेला दिसतो. प्रत्येकाची पालटायची जागा वेगळी. मिथिल रेड साडेचारच्या खाली लाल, सहाच्या वर पिवळा. ब्रोमोथायमॉल ब्लू सहाच्या आसपास पिवळा, साडेसातच्या पुढे निळा. एका रंगावर सगळी शिडी चढता येत नाही, म्हणून चौकोन चार.

मी तिला म्हटलं, हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं. हळदीच्या डागावर साबण लावला की लुगडं लाल होतं, तेही तेच. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवून मी घरीही पट्ट्या केल्या. चालतात, पण चुना वरचढ झाला की नाही, इतकंच सांगतात. पाच आहे की सहा, ते हळदीला विचारून उपयोग नाही.

आता बोर्डोत ही पट्टी कशी चालते ते. सरळ बुडवली तर फसाल. मिश्रणाचा निळा गाळ चौकोनांवर बसतो आणि सगळंच निळं दिसतं. मी काचेच्या पेल्यात थोडं मिश्रण काढून ठेवते, गाळ खाली बसू देते आणि वरच्या नितळ पाण्यात पट्टी बुडवते. झटकून, ओली असतानाच तक्त्याशी लावते. मागच्या जूनमध्ये पहिली पट्टी पाचवर थांबली. चुना पुन्हा जुनाच निघाला होता. पाऊण किलो वाढवला तेव्हा कुठे साडेसात आलं. एवढ्या एका दिवसात डब्याचे पैसे फिटले असं मी धरते. खोडाला लावायच्या पेस्टचं वेगळं. ती दहाच लिटर पाण्यात एकेक किलोची असते, गाळ बसायला वेळ लागतो, म्हणून फडक्यातून चार थेंब गाळून घ्यायचे.

सालदाराला हे पटलं नाही. "मामी, कागदाचं काय खरं? विळा घालून पाहजा त्यात." घातला. पाचच्या वेळी पातं तांबूस झालं, साडेसातच्या वेळी स्वच्छ निघालं. तो हसला, जणू तोच जिंकला. दोघं जिंकलो म्हणू. (हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून लोक वेलींवर मोरचूद-चुना फासायचे, त्या वेलींवर केवडा रोग कमी दिसला आणि मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाने १८८५ साली ते औषध म्हणून मांडलं, असं सांगतात. संत्र्याच्या चोरांसाठी आमच्याकडे अजून काही निघालेलं नाही.)

तक्रारीही आहेत. गोदामातल्या पिवळ्या बल्बखाली पट्टी वाचू नका. मी संध्याकाळी सहा वाचलेलं सकाळी उन्हात साडेसात निघालं. डोळ्यांना हिरवा-लाल नीट दिसत नसेल तर ती पट्टी दुसऱ्याकडून वाचून घ्या. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात रंग ठरायला बराच वेळ लागतो, घाई केली तर भलताच आकडा येतो. आणि शेजारी समजतात तसं ही पट्टी पाण्यातले क्षार सांगत नाही. आमच्या बोअरचं पाणी आठच्या आसपास दाखवते, पण हंड्यावर पांढरा थर किती बसेल ते तिला कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक माझीच. डबा जुलैत गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर ठेवला, झाकण अर्धवट. आठवड्याने काढला तर वरच्या पट्ट्यांचे दोन चौकोन न बुडवताच पालटलेले. गोमूत्राचा अमोनिया. मुलगी सांगते की मासळीच्या पाकिटावर अशाच रंगांची लेबलं लावता येतात, मासळी बिघडून तसले वायू सुटले की लेबल रंग बदलतं. म्हणजे माझ्या डब्याने काम चोखच केलं होतं, नको तिथे. दहा-बारा पट्ट्या गेल्या. आता डबा घट्ट झाकून, सुक्या तांदळाच्या पुरचुंडीसकट, घरातल्या कपाटात.

कोणाला घ्यायची असेल तर शून्य ते चौदाची मोठी शिडी घेऊ नका. साडेचार ते दहा अशा लहान पल्ल्याच्या पट्ट्याही मिळतात, त्यात अर्ध्या-अर्ध्या आकड्याचा फरक दिसतो. वरुडच्या कृषी केंद्रांत मला मिळाल्या नाहीत, ऑनलाइनच घ्याव्या लागल्या. घेताना मुदतीची तारीख पाहून घ्या. आणि वापरलेली पट्टी वावरात टाकू नका, आमच्या बकरीने एक चघळली होती.