मायक्रोटिकचा हेक्स राउटर आणि अभ्यासिकेतल्या नेटची वाटणी

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही एक अभ्यासिका चालवतो. चव्वेचाळीस जागा, १०० एमबीपीएसची एकच फायबर लाइन, आणि सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत त्या लाइनवर कोणी ना कोणी असतेच. कोणी रेकॉर्ड केलेली व्याख्याने पाहते, कोणी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उतरवून घेते, आणि मुख्य परीक्षेचा निकाल लागला की मागच्या छोट्या खोलीत व्हिडिओ कॉलवर सराव मुलाखती सुरू होतात. या मुलाखतींसाठीच मी मायक्रोटिकचा हेक्स राउटर, म्हणजे आरबी७५०जीआर३ हे मॉडेल घेतले. त्याला आता आठ महिने झाले. या लेखाचा बराच भाग बँडविड्थची, म्हणजे लाइनच्या वेगाची, श्रेणीबद्ध वाटणी बसवताना आलेल्या अडचणींविषयी आहे, कारण हा राउटर घ्यावा की नाही हे माझ्या मते त्याच एका गोष्टीवर ठरते.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. मायक्रोटिक ही लात्वियातली, रिगा शहरातली कंपनी. हेक्स तळहातावर मावेल एवढा आहे. त्यात पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी आहे. वायफाय त्यात नाही, त्यामुळे आमचे जुने ॲक्सेस पॉइंट तसेच ठेवून त्यांच्या मागे हा बसवला. आठ महिन्यांत तो स्वतःहून कधी बंद पडला नाही. एवढ्यावर यंत्राचे काम संपते. खरी गोष्ट आतल्या राउटर-ओएसची, म्हणजे हा राउटर चालवणाऱ्या मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरची आहे.

वाटणीसाठी राउटर-ओएस एचटीबी (हायरार्किकल टोकन बकेट) ही पद्धत वापरते. ती मार्टिन देवेरा यांनी लिनक्ससाठी लिहिली आणि २००२ साली २.४.२० या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ती आली. कालव्याच्या पाण्याची पाळी ज्याने पाहिली आहे त्याला ही पद्धत लगेच समजेल. मुख्य कालवा, त्यातून निघणाऱ्या चाऱ्या, चारीतून पोटचाऱ्या, आणि शेवटी शेत. प्रत्येक शेताचे हक्काचे पाणी ठरलेले असते. ते म्हणजे ‘लिमिट-ॲट’. चारीतून जास्तीत जास्त किती पाणी वाहू शकेल, तीही मर्यादा असते. ती म्हणजे ‘मॅक्स-लिमिट’. सगळ्यांचा हक्क भागल्यावर जे उरते ते कोणाला आधी द्यायचे, हे ‘प्रायॉरिटी’ ठरवते. तिथे १ हा सर्वांत वरचा क्रमांक आणि ८ सर्वांत खालचा. मी तीन फांद्या केल्या : मुलाखतींचे कॉल, व्याख्याने व साधे ब्राउझिंग, आणि मोठ्या फायली. कागदावर हे झाड अगदी नीट दिसत होते.

ते चालले मात्र नाही. एका संध्याकाळी मुलाखतीच्या खोलीतून एक विद्यार्थिनी बाहेर आली आणि म्हणाली, “दादा, सरांचा आवाज तुटतोय, प्रश्न दोनदा विचारावा लागतोय.” मी लॅपटॉपवर विनबॉक्स हे राउटरची सेटिंग दाखवणारे साधन उघडून क्यू ट्रीच्या, म्हणजे रांगांच्या त्या झाडाच्या, यादीकडे पाहिले. लाइनवरून त्या वेळी ऐंशीच्या वर एमबीपीएस वाहत होते, आणि माझ्या तिन्ही फांद्यांसमोर मात्र काही किलोबिटचे आकडे लुकलुकत होते. पाणी कालव्यातून धो धो वाहत होते आणि चाऱ्या कोरड्या होत्या. म्हणजे वाटणी चुकली नव्हती. वाटणीपर्यंत काही पोहोचतच नव्हते.

याचे कारण ‘फास्टट्रॅक’. राउटर पहिल्यांदा सुरू केल्यावर जी मूळ सेटिंग येते, तिच्या फायरवॉलमध्ये हा नियम आधीपासून असतो. एकदा जुळलेल्या कनेक्शनची पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हा नियम आडवाटेने थेट पुढे पाठवतो, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार कमी होतो. पण त्या आडवाटेवर मँगलचे नियम लागत नाहीत, म्हणजे पाकिटांवर खुणा पडत नाहीत, आणि खूण नसलेले पाकीट माझ्या कोणत्याच फांदीत जात नाही. अधूनमधून काही पाकिटे नेहमीच्या वाटेने येत राहतात, म्हणून आकडा पूर्ण शून्यावर येत नाही. ज्याला हे माहीत नाही तो यामुळेच फसतो, कारण आकडा हलताना दिसला की वाटणी चालू आहे असेच वाटते. नियम बंद केला तरी आधीच जुळलेली कनेक्शने आडवाटेनेच जात राहतात. ती कनेक्शनच्या यादीतून काढावी लागतात किंवा राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. मी पहिल्यांदा हे केले नाही आणि दहा मिनिटे निष्कारण दुसरीकडे शोधत बसलो.

फास्टट्रॅक बंद केल्याची किंमत आहे, आणि ती सांगायला हवी. आता प्रत्येक पाकीट नेहमीच्या लांब वाटेने जाते आणि प्रोसेसरवरचा भार वाढतो. १०० एमबीपीएसच्या लाइनला या यंत्राला त्याचा त्रास होत नाही. प्रोसेसरवरचा भार दाखवणारे ‘प्रोफाइल’ हे साधन उघडून मी गर्दीच्या वेळी अनेकदा पाहिले आहे. पण पाचशे किंवा हजार एमबीपीएसची लाइन घेऊन त्यावर अशी वाटणी करू पाहणाऱ्याने हेक्सपेक्षा वरचे मॉडेल बघावे.

चाऱ्यांत पाणी आले, तरी आवाज तुटणे थांबेना. आता चूक माझ्या बेरजेत होती. मुलाखतींना ४०, व्याख्यानांना ४० आणि मोठ्या फायलींना ३० असा हक्क मी लिहिला होता आणि सर्वांत वरच्या मूळ रांगेला १०० ची मर्यादा दिली होती. ४०, ४० आणि ३० मिळून ११० होतात. अशा वेळी एचटीबी मूळ रांगेची मर्यादा पाळत नाही, ती हक्क पाळते. तिन्ही फांद्या भरून वाहू लागल्या तर वरची १०० ची मर्यादा मोडून ती ११० द्यायला तयार होते. राउटर-ओएस असे आकडे निमूटपणे स्वीकारते, बेरीज जुळत नाही म्हणून अडवत नाही. जिथे एवढे सगळे आकडे उघड दाखवले जातात, तिथे एक साधी सूचना यायला काय हरकत होती, असे मला आजही वाटते.

त्याहून सूक्ष्म चूक त्या १०० या आकड्यातच होती. कागदावर लाइन १०० ची असली तरी संध्याकाळी मोजल्यावर ती ९४-९५ च्या आसपास भरत होती. आपली मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त असेल तर रांग आपल्या राउटरमध्ये लागतच नाही; ती लाइनवाल्याच्या यंत्रात लागते, आणि तिथे कोणाचे पाकीट आधी सोडायचे हे आपल्या हातात नसते. वाटणी करायची तर रांग आपल्या दारात लागली पाहिजे. मी मूळ रांगेची मर्यादा ९० केली आणि हक्क २५, ३५ व १५ केले, म्हणजे बेरीज ७५ झाली आणि उरलेले १५ प्राधान्याने वाटायला मोकळे राहिले. कॉल व व्याख्याने यांना गरज पडली तर ९० पर्यंत जाण्याची मुभा ठेवली. मोठ्या फायलींना ६० वर थांबवले. बदल करताना एका खिडकीत पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारे साधन, सुरू ठेवला होता. लाइन पूर्ण भरलेली असताना आधी तो दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे जात असे. ९० चा आकडा लावल्यावर काही सेकंदांतच तो वीस-पंचविसावर येऊन स्थिरावला. हे दहा एमबीपीएस वाया घालवणे नव्हे. भांडे काठोकाठ भरून नेले की सांडते.

प्रायॉरिटीविषयी एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती फक्त झाडाच्या टोकाच्या रांगांवर, म्हणजे जिच्याखाली दुसरी रांग नाही अशा रांगेवरच लागू होते. मधल्या रांगेवर लिहिलेला १ हा आकडा दिसतो छान, पण त्याचा काही उपयोग नसतो. मी ‘महत्त्वाचे’ नावाची मधली रांग करून तिला १ दिला होता आणि खालच्या रांगा मूळच्या ८ वरच राहिल्या होत्या.

जाणाऱ्या वाहतुकीचे झाड वेगळे असते, हेही नवख्याच्या लक्षात राहत नाही. राउटर ज्या दारातून पाकीट बाहेर सोडतो तिथेच ते अडवू शकतो. म्हणून येणाऱ्या वाहतुकीचे झाड आतल्या ब्रिजवर, म्हणजे आतले पोर्ट एकत्र जोडणाऱ्या दारावर, लावावे लागते आणि जाणाऱ्या वाहतुकीचे बाहेरच्या दारावर. आमची लाइन पीपीपीओईवर, म्हणजे नाव व पासवर्ड देऊन, जुळते, त्यामुळे ते बाहेरचे दार म्हणजे त्या जोडणीसाठी राउटरने आत तयार केलेला पीपीपीओईचा इंटरफेस, ज्यात केबल खुपसली आहे तो पोर्ट नव्हे. मुलाखतीत समोरच्याला आपला चेहरा गोठलेला दिसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा या दुसऱ्या झाडात असतो, आणि आपण पहिलेच तपासत बसतो.

आता या राउटरमधल्या मला सर्वांत आवडलेल्या गोष्टीकडे येतो. फांद्या नीट बसल्या तरी एका फांदीच्या आत चाळीस जण असतात, आणि त्यांच्यातल्या एकाने चार-चार व्याख्याने एकदम उतरवायला लावली तर बाकीचे ताटकळतात. यासाठी मायक्रोटिककडे पीसीक्यू नावाचा रांगेचा प्रकार आहे. येणाऱ्या वाहतुकीला ती घेणाऱ्या यंत्राच्या पत्त्यानुसार विभागायला सांगितले आणि दर शून्य, म्हणजे न ठरवता, ठेवला की त्या क्षणी जेवढे पत्ते वाहतूक मागत असतील तेवढ्यांत फांदीची बँडविड्थ तो समान वाटतो. पाच जण असतील तर प्रत्येकाला मोठा वाटा, तीस जण असतील तर लहान, आणि त्यासाठी चव्वेचाळीस वेगळ्या रांगा लिहाव्या लागत नाहीत. फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडणाऱ्याला दोन वाटे मिळतात, ही त्यातली उणीव. आम्ही विद्यार्थ्यांनाच सांगितले आहे की अभ्यासाच्या वेळी एकच यंत्र जोडावे, आणि बहुतेक जण ते पाळतात. राउटर-ओएसच्या सातव्या आवृत्तीपासून एफक्यू-कोडेल आणि केक हे रांगेतला उशीर आपोआप आवरणारे प्रकारही आले आहेत. घरी, चार-पाच माणसांच्या लाइनवर, मी झाडाच्या भानगडीत न पडता सरळ केक लावेन. अभ्यासिकेत मात्र मुलाखतीला ठरलेला हक्क द्यायचा असतो, म्हणून झाड हवेच.

कोणते पाकीट कोणत्या फांदीत घालायचे, हा भाग शेवटपर्यंत पूर्ण सुटत नाही, आणि तो राउटरचा दोष नाही. झूमचे कॉल यूडीपी या पाकिटे पाठवण्याच्या पद्धतीच्या ८८०१ ते ८८१० या पोर्टांवर (इथे पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक, केबलचे भोक नव्हे) ओळखता येतात, गूगल मीटचे ३४७८ आणि १९३०५ ते १९३०९ या पोर्टांवर. मोठ्या फायलींसाठी मी पोर्ट पाहतच नाही; एका कनेक्शनवरून ठरावीक एमबीपेक्षा जास्त वाहून गेले की त्याला तिसऱ्या फांदीची खूण लागते, आणि हा नियम फार चांगला चालतो. पण यूट्यूबवरचा थेट वर्ग आणि यूट्यूबवरचेच जुने व्याख्यान बाहेरून सारखेच दिसतात. दोन्ही कूटबद्ध, दोन्ही एकाच पोर्टवर. या दोहोंत फरक करण्याचे वचन कोणी देत असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

हे सगळे वाचून एखाद्याला वाटेल की राउटर फार त्रासाचा आहे. ज्याला डबा उघडून वायर जोडायची आणि विसरून जायचे आहे, त्याच्यासाठी तो खरोखरच नाही. पण माझ्या वरच्या प्रत्येक चुकीचा पत्ता मला याच राउटरने दिला. मँगलच्या प्रत्येक नियमासमोर किती पाकिटे गेली याचा आकडा असतो, प्रत्येक रांगेसमोर चालू वेग आणि टाकून दिलेली पाकिटे दिसतात, आणि रांगेचे चिन्ह मर्यादेच्या निम्म्यापर्यंत हिरवे, पाऊणपर्यंत पिवळे आणि त्यापुढे तांबडे होते. आधीच्या राउटरमध्ये ‘स्मार्ट क्यूओएस’ असे लिहिलेले, वाहतुकीला प्राधान्य लावण्याचे एक बटण होते. ते चालू असताना आत नेमके काय होते, हे मला दोन वर्षांत कळले नाही. इथे बदल करताना ‘सेफ मोड’ दाबून ठेवावा. चुकीच्या नियमाने आपलाच संपर्क तुटला तर राउटर त्या बैठकीतले बदल स्वतः मागे घेतो. रात्री अकरानंतर, अभ्यासिका रिकामी झाल्यावर बदल करणे मला तरी यामुळेच निर्धास्तपणे जमले.

थेट वर्गांचा प्रश्न आम्ही शेवटी राउटर आणि वही, दोन्ही मिळून सोडवला. खिडकीकडच्या चार टेबलांना केबल ओढून दिली, त्यांचे पत्ते कायम केले आणि त्या पत्त्यांच्या यादीला मुलाखतीच्याच फांदीची खूण लावली. ज्याचा थेट वर्ग असेल तो आदल्या दिवशी दाराजवळच्या वहीत वेळ आणि टेबल लिहून ठेवतो. परवा सायंकाळी चारही टेबले भरलेली होती, आत एक मुलाखत चालू होती, आणि क्यू ट्रीमध्ये मोठ्या फायलींची रांग तांबडी होऊन थांबली होती. मुलाखतीच्या रांगेसमोर टाकलेल्या पाकिटांचा आकडा शून्य होता.