पाणी कुठं मुरलं

पुण्यात बावधनच्या उतारावर आमचं रो-हाऊस आहे. रस्त्याकडून दोन मजली दिसतं, मागून पाहिलं तर तीन. सगळ्यात खालची खोली अर्धी जमिनीत, तिची एक भिंत थेट मातीला टेकलेली. बिल्डरच्या नकाशात ती ‘स्टोअर’, आम्ही तिला तळघर म्हणतो. सासऱ्यांची पुस्तकं दहा वर्षं खोक्यांत पडून होती, म्हणून तिथे वाचायची खोली करायची असं ठरलं. एक अख्खी भिंत पुस्तकांच्या कपाटाची, खिडकीखाली बसायला बाक आणि समोर वॉर्डरोब. सगळं जागेवर बसवलेलं, भिंतीत मुरल्यासारखं. हा ‘मुरल्यासारखं’ शब्द मीच ठेकेदाराला सांगितला होता. पुढे त्याने तो फारच मनावर घेतला.

ठेकेदार मागच्या लेनमधल्या एका काकूंकडून मिळाला. त्यांचं किचन त्याने केलं होतं आणि ते खरोखर चांगलं झालं होतं. शटर उघडून बघितलं, ड्रॉवर ओढून बघितले, चहा घेतला. एवढंच विचारायचं राहिलं की प्लाय कोणी आणलं होतं. ते काकूंनी स्वतः भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं होतं, त्याला फक्त मजुरी दिली होती. हे मला वर्षभराने कळलं.

आमचा व्यवहार मटेरियलसह ठरला. इतरांचे दर १,९०० च्या पुढे होते, याचा १,६५० रुपये चौरस फूट. पुस्तकांची भिंत १०८ फूट, वॉर्डरोब ६३ फूट, मिळून १७१. म्हणजे दोन लाख ब्याऐंशी हजार आणि काही. “ताई, पक्कं बिल हवं असेल तर वर अठरा टक्के. घरचंच काम आहे, कशाला उगाच सरकारला देताय?” पन्नास हजार वाचतायत म्हटल्यावर मी मान डोलावली. इथे मला कोणी फसवलं नाही, माझी मी फसले.

या दरातली मेख मला तेव्हा कळली नव्हती. चौरस फूट मोजतात ते समोरून, म्हणजे लांबी गुणिले उंची. पण लाकूड लागतं ते आत. फळ्या, उभे पाटे, मागची पाठ, ड्रॉवरचे डबे, यांतलं काहीच त्या मापात येत नाही. समोरचं माप तेवढंच राहतं, आणि आतलं जेवढं हलकं होईल तेवढा ठेकेदाराचा फायदा. म्हणून ‘मटेरियलसह’ घ्यायचंच असेल तर आतल्या प्रत्येक भागाला कोणतं प्लाय, किती मिलिमीटरचं, हे लिहून घ्यावं लागतं. माझ्या व्हॉट्सअॅपवरच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती: ‘१८ एमएम, ७१० ग्रेड, फुल गर्जन’, म्हणजे अठरा मिलिमीटर जाडीचं, पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचं, गर्जनच्या तांबूस, जड लाकडाचं प्लाय. ती ओळ कोणत्या भागाबद्दल होती, देव जाणे.

पहिल्या दिवशी टेम्पोतून सहा शीट उतरल्या. आठ बाय चारच्या, तांबूस, जड. एकेक उचलायला दोन माणसं लागत होती. प्रत्येकीवर आयएसआयचा शिक्का, आयएस ७१०, खाली लायसन्स नंबर. मी हौसेने फोटो काढले आणि निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवसापासून माल ‘साइजमध्ये कापून’ येऊ लागला. “ताई, घरात भुसा नको ना तुम्हाला, वर्कशॉपमधूनच कटिंग करून आणतो.” केवढी ती काळजी! कापलेल्या तुकड्यावर शिक्का असेलच असं नाही, आणि असला तरी संध्याकाळपर्यंत त्यावर सनमायका चढलेला असतो. आम्ही दोघं नोकरीवर. सासूबाई वरच्या मजल्यावर, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. पूर्ण शीट डोळ्यांसमोर आली पाहिजे आणि डोळ्यांसमोर कापली गेली पाहिजे, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी चार दिवस रजा टाकली असती.

काम करणारे दोघं राजस्थानचे सुतार होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सांधे सुरेख बसवले होते. शेवटच्या आठवड्यात त्यांतला वयस्कर मिस्त्री हळूच म्हणाला, “भाभीजी, पीछे का भी देख लेना.” मला वाटलं, भिंतीबद्दल बोलतोय. भिंतीला वॉटरप्रूफिंगचे चौदा हजार वेगळे दिले होतेच. मी म्हटलं, हो हो, झालंय ते. तो काही बोलला नाही. जाताना खिडकीत प्लायचा वीतभर तुकडा ठेवून गेला. मी त्याचा गरम भांडं ठेवायला उपयोग करत होते.

मार्च २०२४ मध्ये काम संपलं. खोली इतकी देखणी झाली होती की ठेकेदाराने स्वतः दिवे लावून फोटो काढले. मी उरलेले सगळे पैसे त्याच दिवशी पाठवले.

जुलैत पहिल्यांदा वास आला, ओल्या गोणपाटासारखा. मग खालच्या कप्प्याची पाठ फुगली, बाकाचं झाकण लागेना, बिजागऱ्यांवर तांबूस डाग. ऑगस्टमध्ये खालची पुस्तकं काढली तर त्यांच्यामागे मातीची बोटभर रुंद रेघ वर चढत गेलेली. वाळवी. सासऱ्यांच्या ज्ञानकोशाचे दोन खंड हातात घेतले तर पुठ्ठा शाबूत आणि आत चाळण.

एक दुसरा सुतार बोलावून पाठ उघडली. कपाट भिंतीला घट्ट चिकटवलेलं. मातीला लागून असलेल्या भिंतीपासून निदान इंचभर हवा सोडायची असते, ती नाही. तळ थेट फरशीवर, पाण्याने न फुगणारी पट्टी नाही. पाठ चार मिलिमीटरची, मागून कोरी. वॉटरप्रूफिंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा एक हात. उभ्या पाट्यांची जाडी मोजली तर अठराऐवजी सोळा मिलिमीटर. कापून पाहिलं तर आत फिकट, हलकं पॉपलरचं लाकूड, आणि थरांमध्ये मधेमधे पोकळी. त्या सहा तांबूस शीट शटरना लागल्या होत्या. शटर उघडल्यावर कड दिसते ना!

तेव्हा मला तो खिडकीतला तुकडा आठवला. आयएस ७१० चं प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं, ही त्या प्रतीची ठरलेली कसोटी आहे. साधं एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय थोडाफार ओलावा सोसतं, एवढंच. उकळवण्यासाठी ते नसतंच. सासूबाईंच्या जुन्या पातेल्यात तुकडा टाकला. चौथ्या तासाला थर वेगळे झाले, पानगी सोलावी तसे. वयस्कर मिस्त्रीने जे तोंडाने सांगितलं नाही, ते पातेल्याने सांगितलं. मग पहिल्या दिवशी काढलेले शिक्क्यांचे फोटो बघून भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो लायसन्स नंबर टाकला. नंबर खरा होता, पण शिक्क्यावरच्या कंपनीचा नव्हता. म्हणजे मला दाखवलेल्या सहा शीटसुद्धा खोट्याच. हे तपासायला दोन मिनिटं लागली; टेम्पो दारात उभा असतानाही तेवढीच लागली असती.

ठेकेदार पळून गेला नाही. लोकांना वाटतं फसवणारा फोन बंद करतो. हा दरवेळी फोन उचलायचा आणि गोड बोलायचा. “ताई, उद्या माणूस पाठवतो.” “ताई, गणपतीत कामगार गावी गेलेत.” “ताई, दिवाळीनंतर पूर्ण पाठ बदलून देतो, तुमचा एक रुपया नको.” पाच महिने गेले. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. त्याला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत असावी.

शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, नोटीस पाठवली, आणि २०२५ च्या सुरुवातीला जिल्हा आयोगात तक्रार घातली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बिल नसल्याने मी हादरले होते, पण वकीलबाई म्हणाल्या, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन आहे ना, तेवढ्यावर उभं राहता येईल. ठेकेदाराचं पहिलं उत्तर आलं: आपण या बाईंना फक्त ‘मजूर पुरवले’, माल त्यांनीच आणला. पक्क्या बिलावर एक ओळ असती तर हे वाक्य त्याला लिहिताच आलं नसतं. तारखा पडतायत. पुस्तकं परत खोक्यांत गेली आहेत, या वेळी वरच्या हॉलमध्ये.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने एक फोटो पाठवला: “हा माणूस कसा आहे गं? काम तर झकास दिसतंय.” पिवळे दिवे, भिंतभर पुस्तकं, खिडकीखाली हिरव्या गादीचा बाक. गादीचं कापड मीच लक्ष्मी रोडवरून आणलं होतं. असा फोटो तुम्हालाही कोणी दाखवला, तर ती खोली आत्ता बघायला मागा. मी दार उघडेन.