अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्टॅबिलायझर की स्पाइक गार्ड?

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूबलाइट फडफडायची. तिथे अ‍ॅम्प्लिफायरला स्टॅबिलायझरच हवा होता. २३० व्होल्टचा पुरवठा खालीवर झाला की तो आतल्या ट्रान्सफॉर्मरचे टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजचे जोड, रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) बदलून सावरून घेतो. मात्र रिले बदलताना 'टक्' होतं, आणि संथ आलापात ते कानाला खुपतं.

सिडकोतल्या फ्लॅटमध्ये व्होल्टेज स्थिर असतं, म्हणून इथे स्पाइक गार्ड. वळवाच्या गडगडाटात तारांमधून येणारा क्षणभराचा झटका त्यातला एमओव्ही नावाचा छोटा भाग स्वतःवर घेतो. कमी व्होल्टेजवर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. झटके खाऊन एमओव्ही झिजतोही, त्यामुळे संरक्षणाचा दिवा विझला की गार्ड बदलायचा. वीज जवळच कडाडायला लागण्याआधीच सरळ प्लग काढून ठेवा.

या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट अर्थिंगची. स्पीकरमधली गुणगुण जावी म्हणून प्लगची जाड, म्हणजे अर्थिंगची, पिन कापलेली मी पाहिली आहे. कृपा करून असं करू नका! आत बिघाड झाला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत करंट उतरतो; तो जमिनीत न्यायला हीच पिन असते, ती नसली तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. गुणगुण येत असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावून बघा.