लसींची शीतसाखळी: जिल्ह्याला कार्यशाळा की केंद्रावर येऊन मदत?
धारणी किंवा भामरागडसारख्या तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांना शीतसाखळीसाठी, म्हणजे लस शेवटपर्यंत थंड ठेवण्यासाठी, तांत्रिक मदत दोन तऱ्हांनी देता येते. जिल्ह्याच्या गावी कार्यशाळा घेतली की एका दिवसात सगळ्यांना एकच नियम कळतो: लस २ ते ८ अंशांत, नोंद दिवसातून दोनदा. नवी लस किंवा नवा फॉर्म आला, तर हेच सोयीचं.

पण चुका केंद्रावरच दिसतात. आयएलआरचा, म्हणजे लसींच्या खास फ्रीजचा, तळ सर्वांत थंड. पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) टोपलीऐवजी तळाशी रचल्या की गोठतात आणि गोठलेली कुपी फेकावीच लागते. फ्रीझरमधले आइसपॅक थेट कॅरियरमध्ये (लस न्यायच्या डब्यात) भरले तरी तेच होतं. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे असतात. नोंदवहीत महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘४’च दिसला, तर आधी थर्मामीटर तपासा. (बहुतेक वेळा आकडा नाही, सवय लिहिलेली असते.)

भेटींना वेळ लागतो, पावसाळ्यात नाले रस्ता अडवतात. आलेला माणूस साहेबासारखा वागला तर फक्त वह्या रंगतात. पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर आम्ही भेटी निवडू. पहिली एप्रिल-मेमध्ये, विदर्भाच्या उन्हात वीज जाते तेव्हा.