स्टार्टअप इंडिया सीड फंड: योजना सरळ, पैसा तेराव्या महिन्यात

२० लाखांपर्यंत ग्रँट. ५० लाखांपर्यंत विनातारण कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे). अर्जाला फी नाही, प्रवर्तकाची वैयक्तिक हमी नाही, तिसऱ्या कुणाचीही हमी नाही. नव्या कंपनीसाठीच्या सरकारी पैशात इतका सुटसुटीत प्रकार क्वचितच सापडतो. तरीही या योजनेला पाचपैकी साडेतीनच गुण. उरलेला दीड का कापला ते समजायला आधी २०२० मध्ये जावं लागेल.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसलं. सीड फंडाची घोषणा झाली १६ जानेवारी २०२१ ला आणि योजना प्रत्यक्ष सुरू झाली १९ एप्रिल २०२१ ला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. इथे मदतच तेराव्या महिन्यात आली.

मधल्या काळात सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. मे २०२० मध्ये ३ लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना आली, आणि ती झपाट्याने चालली, कारण ग्राहकाचे सगळे कागद बँकेकडे आधीच होते. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज थकीत नव्हे तर शिल्लक होतं, त्याच्या २० टक्के नवं कर्ज, शंभर टक्के सरकारी हमीवर, बँकांसाठी व्याजाला ९.२५ टक्क्यांची मर्यादा. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला किंवा भोसरीच्या वर्कशॉपला याचा उपयोग होता. ज्या कंपनीने कधी कर्जच घेतलं नव्हतं तिला शून्याचे वीस टक्के मिळाले. स्टार्टअप बहुतेक याच रांगेत. बँक त्यांना उभं करत नव्हती, म्हणून कर्ज नव्हतं; कर्ज नव्हतं, म्हणून संकटातली मदतही नव्हती.

वेगाचं दुसरं उदाहरण ‘कवच’ या कार्यक्रमाचं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने एप्रिल २०२० च्या सुरुवातीलाच ५६ कोटींचा हा कार्यक्रम आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या इनक्युबेटरकडे, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, लॅब आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेकडे, सोपवला. कोविडविरुद्ध उपयोगी पडतील अशी ५० पर्यंत नवी उत्पादनं निवडून त्यांना पैसा द्यायचा, एवढंच काम. रक्कम लहान होती, पण नळ जुना होता: विभाग आणि इनक्युबेटर यांच्यात पैसे देण्याघेण्याची घडी आधीपासून बसलेली होती. संकटात नवी पाइपलाइन टाकायला घेतली की पाणी पोचेपर्यंत पीक जातं, हे ‘कवच’ आणि सीड फंड यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

आता सीड फंडाची अंतर्गत रचना. मंजुरी ९४५ कोटींची, २०२१-२२ पासूनच्या चार वर्षांसाठी, अंदाजे ३०० इनक्युबेटरमार्फत ३,६०० स्टार्टअपसाठी. भागाकार करून पाहा. एका स्टार्टअपच्या वाट्याला सरासरी सव्वासव्वीस लाख, म्हणजे रक्कम ठीक. पण एका इनक्युबेटरच्या वाट्याला १२ स्टार्टअप, तेही चार वर्षांत. वर्षाला तीन! जाहिरातीत हजारांचे आकडे असले तरी तुम्ही ज्या दारात उभे आहात तिथे वर्षाला तीन जागा आहेत, हे लक्षात ठेवून इनक्युबेटर निवडा.

केंद्र थेट तुम्हाला पैसे देत नाही. तज्ज्ञ समिती इनक्युबेटर निवडते, त्याला ५ कोटींपर्यंत रक्कम हप्त्यांत मिळते, आणि इनक्युबेटरची स्वतःची समिती स्टार्टअप निवडते. नियमाप्रमाणे अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत निवड आणि ६० दिवसांत पहिला हप्ता. घोडं अडतं ते यात. समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांना दर महिन्याला जमवणं सोपं नसतं, म्हणून अर्ज साठवून एकत्र घेतले जातात. इनक्युबेटरने आधीच्या हप्त्याची यूसी (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र) दिली नसेल तर त्याचा पुढचा हप्ता येत नाही, आणि तुमची निवड होऊनही खातं कोरडं राहतं. म्हणून अर्जाआधी इनक्युबेटरला फोन करून दोनच प्रश्न विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि सध्याच्या हप्त्यातली वाटायची रक्कम किती उरली आहे. उत्तर गोलमोल आलं तर पसंतीक्रमात त्याला खाली टाका. एकाच वेळी तीन इनक्युबेटरना अर्ज करता येतो, आणि एकाहून जास्त ठिकाणी निवड झाली तर तुम्ही दिलेला क्रम चालतो. मोठ्या नावाला डोळे झाकून पहिला नंबर देऊ नका. ज्याच्याकडे तुमच्या विषयाची लॅब आहे, त्याला द्या.

कोणी अर्ज प्रक्रियेसाठी किंवा हप्ता सोडण्यासाठी फी मागितली तर ती नियमाबाहेरची आहे. इनक्युबेटरला त्याच्या खर्चासाठी ५ टक्के व्यवस्थापन शुल्क योजनेतूनच मिळतं.

पात्रतेची सर्वांत जाचक अट वयाची: अर्जाच्या दिवशी कंपनी नोंदून दोन वर्षांहून जास्त झालेली नसावी. घड्याळ डीपीआयआयटीच्या (स्टार्टअपना मान्यता देणाऱ्या केंद्रीय उद्योग विभागाच्या) मान्यतेपासून नव्हे, कंपनी नोंदणीच्या तारखेपासून चालतं, आणि हा गोंधळ खूप जण करतात. २०२१ मध्ये या अटीचा अर्थ काय झाला? योजना उघडली त्या दिवशी एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली प्रत्येक कंपनी बाहेर. म्हणजे २०१८ मध्ये सुरू होऊन २०२० च्या सुरुवातीला माल तयार करून बसलेली, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक गमावलेली कंपनी अपात्र. मंदीने ज्यांचं कंबरडं मोडलं त्यांच्यासाठी ही योजना नव्हतीच. ती मंदीनंतर जन्मणाऱ्यांसाठी होती. चांगली योजना आहे, पण तिला संकटातली मदत म्हणून मिरवणं बरोबर नाही. एक गुण इथे गेला.

बाकी अटी सोप्या: प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी, डीपीआयआयटीची मान्यता, भारतीय प्रवर्तकांचा किमान ५१ टक्के वाटा, मूळ उत्पादनात तंत्रज्ञान. एकट्या व्यक्तीला अर्ज करता येत नाही.

ग्रँट कशासाठी, याबाबत योजना स्पष्ट आहे: संकल्पना सिद्ध करणं, प्रोटोटाइप, चाचण्या. मार्केटिंगचा खर्च इथे लिहिला की अर्ज कच्चा दिसतो. तो ५० लाखांच्या भागात बसतो. कायमची सोयसुविधा उभारायला हा पैसा वापरता येत नाही. समजा द्राक्षबागेसाठी जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर बनवायचा आहे. १८ लाखांची मागणी अशी मांडता येईल: सर्किट बोर्ड आणि आवरण यांच्या दोन फेऱ्या ४ लाख, बागांत बसवायला १५ हजारांचे ३० नग साडेचार लाख, मान्यताप्राप्त लॅबमधल्या चाचण्या दीड लाख, ३५ हजारांवर दोन इंजिनिअर दहा महिने ७ लाख, प्रवास १ लाख. सगळी कोटेशनं जीएसटी धरून घ्या. १८ टक्के विसरलात तर तिसाचे पंचवीस नग होतात आणि माइलस्टोन, म्हणजे हप्त्यासाठी ठरलेला टप्पा, हुकतो.

हप्ते माइलस्टोनवर सुटतात, म्हणून माइलस्टोन लिहिण्यातच निम्मी लढाई आहे. ‘प्रोटोटाइप विकसित करणे’ हा माइलस्टोन नव्हे. तो पूर्ण झाला की नाही यावर वाद घालता येतो. ‘तीन सेन्सर, सलग १५ दिवस रीडिंग, त्याच जागची माती १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून काढलेल्या ओलाव्याशी फरक ५ टक्क्यांच्या आत’ हा माइलस्टोन. कुणीही तपासू शकतो, आणि ‘अजून थोडं दाखवा’ म्हणायला जागा उरत नाही. समितीत मातीचा जाणकार असेल तर तो विचारणारच की काळ्या जमिनीला भेगा पडल्यावर सेन्सरभोवती हवा शिरते आणि रीडिंग खोटं कमी येतं, त्याचं काय? उत्तर अर्जातच असू द्या.

आणि हंगाम. नाशिककडे फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमाराला होते. बागेतल्या चाचणीचा हप्ता डिसेंबरमध्ये आला तर छाटणीनंतरचे पाण्याचे कळीचे आठवडे हातचे गेले आणि पुढची फळछाटणी वर्षभराने. ६० दिवसांच्या नियमावर विसंबू नका. शेती, पाणी, शाळा यांच्याशी निगडित उत्पादन असेल तर हंगामाच्या किमान सहा महिने आधी अर्ज टाका आणि नगांपुरता पैसा पहिल्याच हप्त्यात मागा.

ग्रँटसाठी वेगळं बँक खातं ठेवा. कंपनीच्या चालू खात्यात मिसळलेला पैसा यूसी करताना डोकेदुखी होतो. सरकारी अनुदान प्राप्तिकरात उत्पन्न म्हणून धरलं जातं, त्यामुळे मार्चमध्ये आलेला आणि जूनमध्ये खर्चायचा हप्ता सीएला आधीच दाखवा.

५० लाखांचा भाग वेगळ्या स्वभावाचा. व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्यापेक्षा) जास्त लावता येत नाही, मुदत कमाल ६० महिने, त्यात १२ महिन्यांपर्यंत सवलतीचा काळ. योजना सुरू झाली तेव्हा रेपो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. पूर्ण ५० लाख घेतले, सवलतीच्या काळातलं व्याज भरत गेलात आणि उरलेल्या ४८ महिन्यांत फेड केली, तर मासिक हप्ता ४ टक्क्यांना सुमारे १ लाख १३ हजार, साडेसहाला सुमारे १ लाख १९ हजार. फरक सहा हजारांच्या आतला. म्हणजे व्याजाचा दर हा मुद्दाच नाही. तेराव्या महिन्यापासून दरमहा सव्वा लाखाच्या आसपास रक्कम निघणार आहे का, हा आहे. निघणार नसेल तर कन्व्हर्टिबल डिबेंचरवर बोला, आणि रूपांतर कोणत्या मूल्यांकनावर होणार ते पहिल्याच बैठकीत ठरवा. एलएलपीला हा पर्याय नाही. तिथे कर्ज आणि फेड एवढंच. ग्रँट आणि कर्ज दोन्ही घेता येतात, प्रत्येकी एकदाच.

आता क्रम. दुसऱ्या कुठल्याही केंद्रीय किंवा राज्य योजनेतून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली असेल तर सीड फंड मिळत नाही. बक्षिसाची रक्कम, सवलतीतली जागा आणि लॅबचा वापर यात मोजत नाहीत. म्हणून ‘निधी-प्रयास’ ही केंद्राची प्रोटोटाइपसाठीची ग्रँट आधी घेतली तर चालतं, कारण त्याची कमाल १० लाखच आहे, आणि तिथे कंपनी नसलेल्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. पण ‘बायरॅक’ या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची ५० लाखांची ‘बिग’ ग्रँट आधी घेतलीत तर सीड फंडाचं दार बंद. जैवतंत्रज्ञानातल्यांनी, विशेषतः पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) व्हेंचर सेंटर या इनक्युबेटरमार्फत ‘बिग’ची तयारी करणाऱ्यांनी, हा हिशोब आधी करावा. माझं मत विचाराल तर उत्पादनाला ओल्या लॅबची (रसायनं, जैविक नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेची) गरज असेल तर ‘बिग’च घ्या.

राज्याचं काय? महाराष्ट्राचं आधीचं स्टार्टअप धोरण २०१८ चं (नवं २०२५ मध्ये आलं), आणि त्या जुन्यातली सर्वांत हुशार कल्पना स्टार्टअप सप्ताहाची. २४ विजेत्यांना सरकारी खात्याबरोबर पायलट (छोट्या प्रमाणावरचा प्रयोग) करायला १५ लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर मिळायची. मंदीत नव्या कंपनीला कर्जापेक्षा गिऱ्हाईक हवं असतं, आणि ही योजना गिऱ्हाईक देते. शिवाय पुढच्या प्रत्येक निविदेत दाखवायला सरकारी काम केल्याचा कागद. पण २४ गुणिले १५ लाख म्हणजे ३ कोटी ६० लाख. सीड फंडात एका इनक्युबेटरला मिळू शकते त्याहून कमी रक्कम, अख्ख्या राज्यासाठी. कल्पनेला पाच, आकाराला दीड. शिवाय वर्क ऑर्डर म्हणजे आगाऊ रक्कम नव्हे. काम झाल्यावर बिल, बिलानंतर खात्याचा वेळ. तीन-चार महिन्यांचे पगार निघतील एवढी गंगाजळी हाताशी नसेल तर जिंकूनही अडकाल.

राज्याच्या २०१८ च्या धोरणातली दुसरी उपयोगी गोष्ट पेटंटच्या खर्चाची भरपाई: खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, देशातल्या पेटंटला कमाल २ लाख, परदेशातल्याला १० लाख. ही भरपाई आहे, म्हणजे आधी तुमच्या खिशातून. ती वर सांगितलेल्या १० लाखांत मोजली जाईल असं धरूनच चाला आणि दावा सीड फंड मिळाल्यानंतर टाका.

पेटंटचा अर्ज मात्र थांबवू नका. तीन इनक्युबेटरना अर्ज म्हणजे तीन समित्यांसमोर कल्पना उघड करणं. सादरीकरणाआधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन (शोधाचं प्राथमिक वर्णन) ऑनलाइन भरा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला फी १,६०० रुपये, पूर्ण तपशील भरायला त्यानंतर बारा महिने.